कुलाब्याची कोष्टकं आणि प्रकल्पाची मागची पानं

२ सप्टेंबर १८५९ची सकाळ. मुंबईत, कुलाब्याच्या सरकारी वेधशाळेत, टांगलेला एक चुंबक जागेवर राहायला तयार नव्हता. पृथ्वीच्या चुंबकत्वात दिवसभरात जे बारीक चढउतार होतात, ते टिपण्यासाठी तिथे असे चुंबक ठेवलेले होते. त्यांची हालचाल माणसं दुर्बिणीतून पाहत, मोजपट्टीवरचा आकडा वाचत आणि वहीत उतरवत. नेहमीचा रिवाज तासाला एक नोंद, रात्रंदिवस. काही गडबड दिसली की पंधरा मिनिटांनी, आणि फारच झालं तर पाच-पाच मिनिटांनी.

त्या सकाळी फारच झालं होतं. चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता धाडकन कोसळली आणि मग हळूहळू सावरली. का कोसळली, हे आकडे लिहिणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत बसले असताना त्यांना डागांच्या गर्दीत अचानक लख्ख पांढरा उजेड पेटलेला दिसला होता. सूर्यावरून सुटलेला लोंढा साडेसतरा तासांच्या आसपास पृथ्वीवर येऊन आदळला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं वेड्यासारखी वागू लागली, क्युबापर्यंत आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. मुंबईत तेव्हा दिवस होता. इथे ते वादळ दिसलं ते फक्त मोजपट्टीवर.

पुढची गंमत अशी, की युरोपातल्या काही वेधशाळांत तोवर फोटोच्या कागदावर आपोआप रेघ ओढणारी यंत्रं आली होती. वादळ इतकं मोठं होतं की त्यांची रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्यात डोळ्यांनी वाचणारा माणूस होता, त्यामुळे कुलाब्यापाशी आकडे उरले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी १९१०मध्ये १८४६ ते १९०५ या काळातल्या चुंबकीय नोंदींचा मोठा ग्रंथ काढला. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकांना त्यांचा त्रास होईल, म्हणून हे काम त्याआधीच अलिबागला हलवायला घेतलं होतं. अलिबागच्या समुद्रावर जाणाऱ्यांनी ती वेधशाळा बाहेरून पाहिलेली असते.) आणि २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले जी. एस. लखिना व एस. ॲलेक्स यांनी कुलाब्याच्या त्या जुन्या आकड्यांवरून वादळाचा जोर काढला. क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आलं होतं. १९८९च्या ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, त्याचा जोर सांगणारा प्रचलित निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्ला होता. पुढे इतर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, की हा निर्देशांक तासाच्या सरासरीने काढायचा असतो आणि तसा काढला तर १८५९चा आकडा निम्म्याच्या आसपास येतो. वाद झाला. पण दोन्ही बाजूंना वाद घालायला तेच एक कोष्टक होतं.

आता कल्पना करा, की त्या सकाळी कुलाब्यातल्या माणसाने वहीत एवढंच लिहिलं असतं: ‘आज चुंबकात असामान्य गडबड आढळली.’ निष्कर्ष म्हणून हे वाक्य बिनचूक आहे. पण त्यातून पुढे कुणाला काहीच काढता आलं नसतं.

विद्यार्थ्यांच्या संशोधन प्रकल्पाच्या शेवटी ‘परिशिष्ट’ नावाचा जो भाग असतो, त्यात काय घालायचं हा प्रश्न दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हजारो मुलांना पडतो. बारावीचा पर्यावरणाचा प्रकल्प असो, बी.एड.चं कृतिसंशोधन असो, एम.ए.चा लघुप्रबंध असो की राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठी शाळेतल्या मुलांनी मिळून केलेलं काम असो; बायंडिंगवाल्याकडे जायच्या आदल्या रात्री हा विषय निघतो. मग उरलंसुरलं सगळं मागे जातं. मला वाटतं, हा भाग सर्वांत आधी सुरू करायला हवा, प्रकल्प सुरू होतो त्याच दिवशी. कारण कुलाब्याच्या वहीसारखं काही तुमच्या कामात असेल, तर ते याच पानांत असणार आहे.

काय ठेवायचं हे ठरवायला एक कसोटी पुरते. तुम्हाला न ओळखणारा, तुमच्याशी सहमत नसलेला माणूस, दहा वर्षांनी, तुम्हाला फोन न करता, तुमचं काम तपासू शकेल का? पुन्हा करून पाहू शकेल का? त्यासाठी त्याला जे लागेल आणि जे मुख्य मजकुरात घातलं तर वाचणाऱ्याचा धागा तुटेल, ते परिशिष्टात.

समजा, एखादी विद्यार्थिनी आपल्या गावातल्या पंचवीस विहिरींची पाणीपातळी मोजते आहे. मुख्य प्रकरणात ती लिहील, की ऑक्टोबर ते मे या काळात पातळी सरासरी इतके मीटर खाली गेली. एक आलेखही देईल. तेवढं पुरे. पण परिशिष्टात पंचवीस ओळींचा तक्ता हवा, आणि तो तक्ता कसा हवा हे पाहण्यासारखं आहे. पातळी कुठून मोजली? कठड्याच्या वरच्या काठापासून की जमिनीपासून? कठडा अडीच फूट उंच असेल आणि अर्ध्या विहिरी कठड्यापासून, अर्ध्या जमिनीपासून मोजल्या असतील, तर तिचा सगळा निष्कर्ष त्या अडीच फुटांत बुडू शकतो. मोजण्याआधी मोटार चालू होती का? उपसा नुकताच झाला असेल तर दोरीला लागलेलं पाणी त्या विहिरीची खरी पातळी सांगतच नाही. मोजलं कशाने, टेपने की दगड बांधलेल्या दोरीने? दोरी भिजल्यावर किती ताणली जाते, हे तपासलं का? कोणत्या तारखेला, आणि आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता का?

हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा गावोगावच्या ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या या विद्यार्थिनीच्या तक्त्यात वरचा तपशील असेल, तर तिचे आकडे त्या सरकारी आकड्यांशेजारी ठेवून पाहता येतात. तपशील नसेल तर ते फक्त आकडे आहेत, कशाचे ते माहीत नाही.

माणसांना प्रश्न विचारून केलेल्या प्रकल्पांत याहून चकवणारी गोष्ट घडते. शेतावरच्या बाईला विचारा, “तुम्ही काही काम करता का?” पुष्कळदा उत्तर मिळतं, “नाही हो, घरीच असते.” तीच बाई पहाटे उठून गोठा आवरते, पाणी भरते, दुपारी खुरपायला जाते. प्रश्न बदला: “काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?” आणि तीच बाई दिवसाचे बारा तास मोजून दाखवते. भारतातल्या बायकांचं काम सर्वेक्षणांत कमी मोजलं जातं, ही तक्रार अर्थशास्त्रज्ञ जुन्या काळापासून करत आले आहेत, आणि तिचं एक मूळ इथे आहे. म्हणून प्रश्नावली परिशिष्टात घालायची ती तोंडाने विचारली त्या शब्दांत, विचारली त्या क्रमाने. प्रबंध इंग्रजीत असला आणि प्रश्न मराठीत किंवा अहिराणीत विचारले असले, तर मूळ प्रश्न आधी, भाषांतर शेजारी. अनेक लघुप्रबंधांत फक्त इंग्रजी प्रश्नावली असते. ती प्रश्नावली कुणालाच कधी विचारलेली नसते! विचारलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते कुठेच नोंदलेलं नाही.

मुलाखतींचं तसंच. सगळ्या मुलाखतींचं शब्दशः लेखन दोनशे पानं भरेल. विद्यापीठाचा नियम मागत नसेल तर तेवढं छापायची गरज नाही. पण एक-दोन पूर्ण मुलाखती, अडखळण्यांसकट, द्याव्यात. मुलाखत घेणाऱ्याने उत्तर सुचवलं होतं का, हे वाचणाऱ्याला तिथेच कळतं. “तुम्हाला त्रास होतच असेल ना?” असं विचारून मिळालेला होकार वेगळा.

आणि विचित्र आकडे? तेच तर ठेवायचे. ग्रेगोर मेंडेल या ऑस्ट्रियन धर्मगुरूने वाटाण्यावर प्रयोग केले आणि १८६६मध्ये ते छापले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या प्रयोगात २५३ झाडांवरून ७,३२४ दाणे मिळाले: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. शाळेच्या पुस्तकात इथेच थांबतात. मेंडेल मात्र थांबला नाही. त्याने दहा झाडांचे सुटे आकडे दिले आणि वर हेही सांगितलं, की एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले दाणे निघाले, तर दुसऱ्या एकावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले. म्हणजे ज्या झाडाकडे पाहून त्याचा सगळा सिद्धांत हास्यास्पद वाटावा, ते झाडही त्याने छापून टाकलं. सत्तर वर्षांनी, १९३६मध्ये, रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने मेंडेलचे आकडे पुन्हा तपासले आणि उलटाच प्रश्न उभा केला: एकूण प्रयोग पाहता हे आकडे सिद्धांताशी जरा जास्तच जुळत नाहीत का? त्या प्रश्नावर अभ्यासक पुढे कित्येक दशकं भांडले. मेंडेलच्या मृत्यूला तेव्हा पन्नासहून अधिक वर्षं लोटली होती आणि तरी त्याला प्रश्न विचारता येत होते, कारण त्याने आपली मोजणी उघडी ठेवली होती.

इथवर वाचून कुणाला वाटेल, हे सगळं मोठ्या लोकांचं. आमच्या प्रकल्पाचं परिशिष्ट उघडणार कोण? तर एका विद्यार्थ्याचीच गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या अर्थशास्त्र विभागात थॉमस हर्न्डन नावाचा मुलगा पीएच.डी. करत होता. वर्गात गृहपाठ मिळाला, की एखादा प्रसिद्ध शोधनिबंध घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याने कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांचा २०१०चा निबंध निवडला. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे गेलं की वाढीचा वेग सरासरी उणे ०.१ टक्का होतो, असं तो निबंध सांगत होता, आणि सरकारी खर्चात काटकसर करा म्हणणारे नेते तो पुढे करत होते.

हर्न्डनचे आकडे काही केल्या जुळेनात. उपलब्ध माहितीवरून ते जुळणं शक्यच नव्हतं, म्हणून त्याने लेखकांकडेच मूळ एक्सेल फाइल मागितली. त्यांनी ती दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. फाइल उघडल्यावर त्याला दिसलं, की सरासरीचं सूत्र वीस ओळींऐवजी पंधराच ओळींवर लावलेलं आहे. वर्णानुक्रमातले पहिले पाच देश, म्हणजे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क, बाहेरच राहिले होते. याखेरीज काही वर्षं गाळलेली होती आणि देशांना दिलेलं वजनही वादाचं होतं. हर्न्डनने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांसह २०१३मध्ये सगळं दुरुस्त करून मांडलं, तेव्हा उणे ०.१च्या जागी अधिक २.२ आले. लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली. कर्ज आणि मंद वाढ यांचा संबंध आहे, हे आपलं म्हणणं मात्र सोडलं नाही.

मला यात थक्क करते ती चूक नव्हे, चुका सगळेच करतात. थक्क करते ती ही गोष्ट, की सूत्र असलेला एक चौकोन तीन वर्षं कुणी उघडून पाहिला नव्हता. तेव्हा तुमच्या प्रकल्पात एक्सेल वापरलं असेल तर अंतिम आकड्यांबरोबर एका नमुन्याचं पूर्ण गणित परिशिष्टात द्या: कोणती किंमत कुठून घेतली, कोणतं सूत्र लावलं, उत्तर काय आलं. संगणकाचा प्रोग्रॅम लिहिला असेल तर तो द्या. प्रयोगशाळेत वजनकाटा किंवा पीएचमापक वापरला असेल तर तो कशावर आणि कधी तपासून घेतला, ते एका ओळीत द्या. फाइल पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवून नुसती लिंक छापू नका. निदान मुख्य तक्ता तरी कागदावर असू द्या. लिंका किती टिकतात, हे सांगायला नको.

गावपातळीवरच्या कामात असा तपशील किती मोलाचा ठरतो, याचा पुण्याजवळचाच दाखला आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह एका गावाचा अभ्यास करून १९१७मध्ये पुस्तक काढलं. जमिनीची वाटणी होत होत शेतांचे सातशेहून अधिक तुकडे झालेले आणि त्यांतले बरेचसे एकरापेक्षाही लहान, असं त्यांना दिसलं. भारतातल्या शेतजमिनीच्या तुकडीकरणावर लिहिणाऱ्यांनी ते आकडे पुढे पुन्हा पुन्हा वापरले. ते गाव म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे शेताचा बांध शोधून सापडायचा नाही. पिंपरी-चिंचवडमधली उंच इमारतींची, आयटीत काम करणाऱ्यांची वस्ती आहे ती.

आता काय घालायचं नाही, त्याबद्दल. मार्गदर्शकांसोबतचा ग्रुप फोटो, शाल-श्रीफळाचं छायाचित्र, इंटरनेटवरून छापून काढलेली पानं, बारा पानी शासननिर्णय ज्यातला एकच परिच्छेद कामाचा आहे: हे सगळं बाहेर. साधा नियम असा, की मुख्य मजकुरात ‘परिशिष्ट अ पाहा’, ‘परिशिष्ट ब पाहा’ असा उल्लेख ज्याचा आलाच नाही, ते परिशिष्टात शोभत नाही. उल्लेख ज्या क्रमाने येतील, त्याच क्रमाने अ, ब, क द्यावेत, प्रत्येकाला स्वतःचं शीर्षक द्यावं आणि अनुक्रमणिकेत पानासकट टाकावं. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

माणसांची नावं हा मात्र गंभीर मामला आहे. परिशिष्टात संमतीपत्राचा कोरा नमुना द्यायचा. सह्या केलेली संमतीपत्रं द्यायची नाहीत. नाव, फोन, आधार क्रमांक, घराचा पत्ता काढून ‘उत्तरदाती १’, ‘उत्तरदाती २’ असं लिहायचं. पण तेवढ्याने भागत नाही. ‘उत्तरदाती ७, वय ४२, गावातल्या आरोग्य उपकेंद्रातली परिचारिका’ असं लिहिलं आणि गावाचं नाव मुखपृष्ठावर असलं, तर ती कोण हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. ती वरिष्ठांबद्दल काही बोलली असेल, तर तुमच्या लघुप्रबंधाने तिची नोकरी अडचणीत येऊ शकते. अशा वेळी वय ‘४० ते ५०’ करावं, हुद्दा ‘आरोग्य कर्मचारी’ करावा, गावाऐवजी तालुका लिहावा. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी कुलपात. परिशिष्टात कधीही नाही. प्रबंध ‘शोधगंगा’सारख्या संकेतस्थळावर चढला की जगात कुणीही तो वाचू शकतो, हे लक्षात ठेवून मागची पानं पुन्हा एकदा चाळावीत. आधी सांगितलेल्या उघडेपणाशी याचा खटका उडतो, हे खरं. कोष्टक उघडं ठेवायचं आणि माणूस झाकायचा, यातली रेघ प्रत्येक प्रकल्पात नव्याने आखावी लागते, आणि शंका असेल तिथे माणसाच्या बाजूने आखावी.

शेवटचा धोका उलट्या दिशेचा: परिशिष्टात नको इतकी मोलाची गोष्ट ठेवणं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना हे नीट कळलं होतं. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने कितीतरी जास्त मेले, हे दाखवणारे आकडे आणि त्यांच्या गाजलेल्या आकृत्या १८५८च्या शाही आयोगाच्या अहवालात परिशिष्टात गेल्या. अहवालांची परिशिष्टं सामान्य लोक उघडत नाहीत, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. म्हणून त्यांनी तो भाग वेगळा छापून घेतला आणि जिथे पोहोचायला हवा तिथे पोहोचवला.

यानोस बोल्याई या तरुण हंगेरियन लष्करी अधिकाऱ्याला ती सोय नव्हती. समांतर रेषांबद्दलचं युक्लिडचं गृहीतक बाजूला ठेवूनही सुसंगत भूमिती उभी राहते, असा भूमितीला हादरवणारा शोध त्याने लावला आणि तो १८३२मध्ये छापून आला वडिलांच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाला जोडलेलं, जेमतेम पंचवीस-तीस पानांचं परिशिष्ट म्हणून. वडिलांनी ते आपल्या जुन्या मित्राला, गाउसला, पाठवलं. गाउसने कळवलं, की याची स्तुती करणं म्हणजे माझीच स्तुती करण्यासारखं आहे, कारण हे मला पूर्वीच सुचलेलं होतं. मुलगा कोसळला. बाकी जगाने ते पुस्तक जवळजवळ उघडलंच नाही. २००९मध्ये युनेस्कोने तेच परिशिष्ट जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतलं. बोल्याईला जाऊन तेव्हा जवळपास दीडशे वर्षं झाली होती.

पॅट्रिक मॅथ्यू या स्कॉटिश बागायतदाराची तऱ्हा तर आणखी न्यारी. त्याने १८३१मध्ये आरमाराच्या जहाजांसाठी चांगलं लाकूड कसं वाढवावं यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या परिशिष्टात, जाता जाता, जगण्याच्या झगड्यात परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यातून जाती बदलत जातात, असं लिहून ठेवलं. डार्विनचं पुस्तक आलं १८५९मध्ये. पुढच्या वर्षी मॅथ्यूने बागकामाच्या एका नियतकालिकात आपला हक्क सांगितला. डार्विनने ते वाचलं, मॅथ्यूला ही कल्पना आपल्या आधी सुचली होती हे जाहीरपणे कबूल केलं आणि जोडीला म्हटलं, की जहाजांच्या लाकडावरच्या पुस्तकाच्या परिशिष्टातला मजकूर आपल्या किंवा इतर कुणाच्या नजरेस पडला नाही, याचं कुणाला नवल वाटू नये. मॅथ्यूचं समाधान झालं नाही. पुढे तो आपल्या नावाखाली ‘नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचा शोधक’ अशी पदवी छापू लागला.